हातभर कमी

पैनगंगेच्या काठच्या आमच्या गावात पुराचं पाणी किती आलं होतं म्हणून कुणी विचारलं, तर सांगणारा भिंतीवर हात ठेवून खूण दाखवतो. ती खूण खऱ्यापेक्षा हातभर खाली असते. हातभर म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. सगळे तेवढंच कमी दाखवतात, आणि ऐकणारा गावचा असला की मनातल्या मनात हातभर वर चढवून घेतो. यात कुणी कुणाला फसवत नाही. खरी उंची तोंडानं सांगितली की नदी ती पाहायला येते, अशी समजूत. या समजुतीच्या पोटात आणखी एक होती, ती म्हातारी माणसं आवाज उतरवून सांगत. ज्यानं सांगितलं, त्यानं पाणी येईल तेव्हा घरी असावं. पाहुण्याला बोलवायचं आणि आपण घरी नसायचं, हे बरं दिसत नाही.

मी हे सगळं थोतांड समजत होतो. आजही समजतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण शेवटपर्यंत ऐकून लोक माझ्याकडं वेगळ्या नजरेनं पाहतात आणि मला त्याचा संताप येतो.

आमचा मोहल्ला गावाच्या उताराला, नदीच्या अंगाला. कापूस-तुरीची वावरं असलेल्यांची घरं वर टेकाडावर. पूर आला की त्यांच्या पायरीला लागायचा आणि आमच्या चुलीत शिरायचा. छप्पन साली मोहल्ल्यानं दीक्षा घेतली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, अंगात रग होती. घरातले देव मीच टोपलीत भरून नदीत सोडून आलो. मायनं अडवलं नाही. देव गेल्याचं तिला फार वाटलंही नसावं. पण नदी तिच्या लेखी देवात मोडतच नव्हती. नदी शेजारीण होती, आणि शेजारणीशी कसं वागायचं ते दीक्षेनं बदलत नाही, असा तिचा हिशेब.

त्याच्या दोन पावसाळे आधी मोठा पूर येऊन गेला होता. त्यात माझा बाप गेला. मी तेव्हा पुसदला कापसाच्या एका जिनात कामाला होतो, पाणी उतरल्यावर चार दिवसांनी पोचलो. लोक सांगत की आदल्या उन्हाळ्यात एक बैलांचा व्यापारी आमच्या ओट्यावर बसला होता. त्याला बापानं जुन्या पुराची खरी खूण दाखवली, हातभर न सोडता. पूर आला तो थेट त्या खुणेला. बाकीचे टेकाडावर पळाले, बाप घरात राहिला. मी म्हणायचो, तो शेळ्या सोडायला मागं फिरला आणि अडकला. माय म्हणायची, "शेळ्या त मी सोडल्या होत्या. तो थांबला." यावर मी तावातावानं बोलायचो. ती भांडत नसे, भाकरी थापत राही, आणि तेच मला जास्त झोंबे.

मग दीक्षेनंतर तीन वर्षांनी सरकारनं गावापुढं पूरनिवारणाचा बांध घालायचं मनावर घेतलं. मी सातवी पास, म्हणून मला मोजणीवर खलाशी म्हणून लावून घेतलं. हा खलाशी जहाजावरचा नव्हे. ओव्हरसिअर तिपाईवरच्या दुर्बिणीतून पाहतो आणि समोर फुटांचे आकडे रंगवलेली उंच पट्टी सरळ धरून जो दिवसभर उन्हात उभा राहतो, तो खलाशी. बांधाची रेघ आखली तेव्हा तिच्या मागचं पहिलंच घर आमचं निघालं. मला केवढा आनंद झाला होता. बापाला गिळलेल्या नदीला मी आता पट्टी धरून अडवणार, असं काहीबाही डोक्यात होतं.

ओव्हरसिअर घाटावरचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. भला माणूस. आमच्या घरचा चहा पिणारा पहिला सरकारी माणूस तो. पौषात आम्ही घरोघर फिरलो. बांध किती उंच करायचा हे मोठ्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्यावर ठरणार, आणि ते सांगणार गावची माणसं. दिवाळीला पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंती अजून स्वच्छ होत्या. तो दारात उभा राहून विचारी, "महापुराचं पाणी कुठपर्यंत होतं?" घरधनी येई, भिंतीवर हात ठेवी. ओव्हरसिअर तिथं गेरूची आडवी रेघ मारी, मी पट्टी लावी, तो आकडा टिपी.

संध्याकाळी त्यानं जमिनीचा चढउतार धरून आकडे जुळवले आणि पुन्हा एकदा तपासले. वरचं घर, खालचं घर, म्हातारा, बाई, कुणीही असो, साऱ्यांची पातळी एकच निघाली होती. इंचाचा फरक नाही. तो म्हणाला, "माणसं पुराची उंची फुगवून सांगतात, एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. तुमच्या गावासारखं गाव मी पाहिलं नाही." तो खूश होता. मला मात्र दुसरंच दिसलं. इतक्या माणसांचे हात एकमेकांना न विचारता एकाच रेषेत खाली आले होते, आणि ती रेषा खोटी होती.

हे त्याला मी तिथंच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, आणि का सांगितलं नाही ते आता लपवून उपयोग नाही. त्या दिवशीचं शेवटचं घर आमचं होतं. माय पदर सावरून पुढं आली, भिंतीशी उभी राहिली, तळवा आपल्या छातीपाशी टेकवला आणि म्हणाली, "इथवर, सायेब." खरं पाणी तिच्या डोक्यावरून हातभर गेलं असतं असं नाही, पण टाळूला लागलं असतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. ओव्हरसिअरनं माझ्याकडं पाहिलं. मी पट्टी लावली. आदल्याच आठवड्यात मी त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की आमच्या मोहल्ल्यात आता अंधश्रद्धा उरली नाही, आम्ही माणसात आलो. आता कोणत्या तोंडानं सांगू की माझी माय नदीच्या भीतीनं सायबाशी खोटं बोलून राह्यली? भीती मला नदीची नव्हतीच. लाज वाटली, बस. आणि मनाला समजूत घातली की पुराच्या पातळीवर आणखी दोन फूट जादा उंची धरतातच, त्यात आपला हातभर आपोआप बसतो.

काम सुरू झालं. गाढवं, टोपल्या, माती ठोकायचे धुम्मस, सकाळपासून धूळ. मधे काम थांबायचं, कारण पैसा थांबायचा. आमचे कागद पूर्वी नागपूरला जायचे, आता मुंबईला जात, त्यातच राज्याचं नाव बदललं आणि सगळ्या फायलींवर नवे शिक्के बसेपर्यंत अर्धवट बांधावर गवत उगवलं. तरी बांध हळूहळू चढत होता, आणि मी रोज सकाळी घरून निघताना तो किती चढला ते आमच्या दारातून पाहत असे.

मोजणीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्याच्या शेवटी, मृगाच्या आधीची दमट हवा सुटली आणि भिंतींवर ओल दिसू लागली. ती दरवर्षी दिसायची. पूर भिंतीत मुरलेला असतो, कितीही सारवा, हवा ओलावली की पुराची रेघ सारवणातून वर येते. शाळेत शिकलेल्या माणसाला यात नवल वाटायला नको. पण त्या वर्षी पहिल्यांदा तिच्याखाली गेरूची रेघ होती. मी मोहल्लाभर हिंडलो. प्रत्येक भिंतीवर दोन रेघा. खाली लाल, माणसांनी सांगितलेली. वर काळसर, ओली, पाण्यानं स्वतः सांगितलेली. दोहोंत हातभर अंतर, दर घरात तेवढंच. भर दुपार होती, बाया ओट्यावर कापसाची सरकी वेचत बसल्या होत्या, आणि मी दर भिंतीला कोपर लावून पाहत होतो. लोकांनी दुसऱ्या दिवशी त्या ओलीवर पांढरी माती फिरवली. आठवड्यानं ती पुन्हा वर आली. तेव्हाही मी स्वतःला दोन फुटांचा दिलासा दिला.

पुढच्या थंडीत तो दिलासाही गेला. निधी कमी आला होता. अंदाजपत्रक परत आलं, आणि त्यावर कुणीतरी लाल शाईनं लिहिलं होतं की पातळीबाबत गावकऱ्यांचे जबाब इतके एकसारखे व खात्रीचे आहेत, की जादा उंचीची गरज दिसत नाही, ती वगळावी. ओव्हरसिअरनं हे मला वाचून दाखवलं. आमच्या खोट्याची अशी शाबासकी झाली होती. म्हणजे बांध गेरूच्या रेघेला थांबणार, आणि पाणी आलं तर हातभर वरून येणार. पहिलं घर आमचं.

मी तिथंच त्याला सारं सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "अरे, वर्षभर गप्प का बसलास?" त्यानं शिवीगाळ केली असती तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "माझ्या शब्दावर मंजुरी मिळणार नाही. ज्यानं तो पूर डोळ्यांनी पाहिला, अशा कुणाचा तरी लेखी जबाब हवा. भिंतीवर खूण, खाली अंगठा. तू चालणार नाहीस, तू त्या दिवशी गावात नव्हतास."

मी घरोघर फिरलो. हातापाया पडलो, रागावलो, पंचशीलाची आठवण करून दिली. कुणी नाही म्हणालं नाही, कुणी हो म्हणालं नाही. नजर चुकवून बैलाला पेंढी टाकायला उठायचे. टेकाडावरचे शेतकरीसुद्धा तसेच. शेजारचा म्हातारा, ज्याच्या मांडीवर मी वाढलो, तो म्हणाला, "बांध नसला तरी चालते लेका. पन हे बोलाले लावू नको." ज्यांनी नदीत देव सोडले ते आणि ज्यांनी घरात देव ठेवले ते, या एका बाबतीत एक होते. राहिली माय.

हे मागताना मी काय मागतोय ते मला ठाऊक होतं. माझ्या लेखी कागदावर एक अंगठा. तिच्या लेखी तो बापाच्या वाटेनं जायचा रस्ता होता. तिला काय वाटतं ते माहीत असून मी विचारलं, कारण तिला वाटतं ते खोटं आहे असं मला वाटत होतं. ती चुलीपुढं बसली होती. तिनं तवा उतरवला, हात पुसले आणि विचारलं, "मी सांगतलं त बांध उंच होईन काय?"

"होईन."

"यंदाच?"

ओव्हरसिअर म्हणाला होता की कागद गेला तरी पैसा पुढल्या सालीच येईल. मी म्हणालो, "यंदाच."

"मंग सांगतो मी," माय म्हणाली. "साऱ्या मोहल्ल्याचं हाये ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हरसिअर कागद घेऊन आला. मायनं अंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसलं होतं. वाडग्यात चुना कालवून ठेवला होता. तिनं भिंतीशी पाट मांडला, त्यावर उभी राहिली, उजवा तळवा चुन्यात बुडवला आणि भिंतीवर गेरूच्या रेघेच्या हातभर वर दाबला. मग मान वळवली. आमच्याकडं नाही, दाराबाहेर नदीकडं. आणि बाजारात भाव सांगावा तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "पानी इथवर आलतं." आणि पुन्हा एकदा, "इथवर."

बाहेर कुणाची तरी पोरं गोट्या खेळत होती, ती थांबली. शेजारणीनं त्यांना हाताला धरून घरात ओढून नेलं. एकेक दार लागल्याचा आवाज आला. ओव्हरसिअरला काही कळलं नाही, तो बिचारा शाईची डबी शोधत होता. अंगठा झाल्यावर माय पाटावरून उतरली आणि मला म्हणाली, "आता मले पावसाळ्यात कुठी जाता येनार नाई." उमरखेडला माझ्या बहिणीचं बाळंतपण श्रावणात होतं. मी म्हणालो, हे काय खूळ. ती गेली नाही. बहीण मला अजून त्यावरून बोलते.

त्या वर्षी बांध गेरूच्या पातळीला येऊन थांबला. जादा उंचीचा कागद पुसदला पडून होता. मायनं एकदाही विचारलं नाही की माझा हातभर कुठं आहे. पावसाळाभर तिनं ओटा सारवून ठेवला, आणि कोपऱ्यात पाण्यानं भरलेला एक तांब्या झाकून ठेवू लागली. कुणासाठी म्हणून मी विचारलं नाही. तो तांब्या पाहिला की माझं डोकं फिरायचं.

भादव्यातला तो दिवस कोरडा होता. कडकडीत ऊन, आभाळ धुतल्यासारखं निळं, आमच्याकडं चार दिवस थेंब नव्हता. वरच्या अंगाला कुठं पडला असेल. सकाळी मी बांधाखाली रोवलेल्या पट्टीशी गेलो तर पाणी रात्रीतून बरंच चढलेलं होतं. लाल, जाड पाणी, आणि आवाज नाही. पूर म्हटला की गडगडाट असतो. हे नुसतं वर येत होतं. बांधाच्या उतारावरून मुंग्यांची ओळ तोंडात पांढरी अंडी धरून चढत होती. मी मोहल्ल्याकडं ओरडायला वळलो, तर मोहल्ला आधीच निघाला होता. गाठोडी, कोंबड्या, म्हातारी माणसं, सारे रांगेनं शाळेकडं. मायनं पहाटेच घरोघर जाऊन सांगितलं होतं, "आज येते ते. उठा." आणि कुणी प्रश्नही विचारला नव्हता. तिनं सांगितलंय म्हटल्यावर त्यांना खात्रीच होती.

मी बांधावरच राहिलो, दर तासाला आकडा टिपत. माझं काम होतं ते. माय बायांबरोबर गेली असेल हे मी धरून चाललो. दुपारी पाणी काठाला लागलं तेव्हा मी शाळेकडं पळालो. तिथं सगळे होते. एक माणूस कमी नव्हता, म्हणजे मला तसं वाटलं. मी शेजारणीला विचारलं, "माय कुठी हाये?" तिनं माझ्याकडं न पाहता सांगितलं, "ते त घरीच थांबली. पाव्हना येनार हाये म्हने."

मी खाली धावलो. दोघांनी मला धरलं. एकाच्या मनगटाला मी चावलो, त्याचा वण त्याच्या हातावर कायमचा राहिला. टेकाडावरून बांध सबंध दिसत होता. पाणी कुठून फोडून येत नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच वेळी, चादर ओढावी तसं, बांधावरून अलीकडं उतरत होतं, आणि त्यावर ऊन चमकत होतं. आमचं दार उघडं होतं. दारात कुणीतरी उभं असल्याचं मला दिसलं. इतक्या लांबून दिसणं शक्य नाही, हे मला कळतं. मग बांध खचला.

माय तिसऱ्या दिवशी खालच्या तुरीच्या वावरात सापडली. मी रडलो नाही. मला नदीचा राग आला, गावाचा आला, त्या लाल शाईच्या माणसाचा आला, आणि एवढे राग करूनही माझा स्वतःचा उरलाच. "यंदाच" म्हणालो होतो मी. तिला खरं सांगितलं असतं तर ती बोलली नसती, आणि नसती बोलली तर मोहल्ला त्या कोरड्या उन्हात घरातच बसला असता. हे मला लोकांनी पुष्कळ समजावलं. मला ते पटतं, पण उपयोग होत नाही.

घराच्या तीन भिंती पडल्या होत्या. चौथी उभी होती. तिच्यावर मायचा चुन्याचा तळवा जसाच्या तसा, आणि पाण्याची ओली रेघ त्याच्या बरोबर बोटांच्या टोकांशी थांबलेली. त्याच्या वर भिंत कोरडी होती.

पुढच्या साली पैसा आला. बांध बांधला गेला, चांगला उंच, आजही आहे. पण त्याआधी पातळी पुन्हा घ्यायला नवा ओव्हरसिअर आला. जुन्याची बदली झाली होती. मीच पट्टी घेऊन त्याच्याबरोबर घरोघर फिरलो, आणि लोकांचे हात पुन्हा खाली, हातभर खाली. त्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "तू तर इथलाच. तू पाहिलास ना हा पूर? किती होतं पाणी?"

जुन्याच जागी बांधलेल्या आमच्या नव्या घराच्या भिंतीशी आम्ही उभे होतो. माझा हात उठला आणि आपसूक छातीपाशी येऊन थांबला. मी थांबवला नव्हता. गावातली चार माणसं दारात उभी होती, ती माझ्याकडं पाहत होती. मग मी हात वर नेला, मायच्या तळव्याइतका, आणि मोठ्यानं म्हणालो, "इथवर." त्यानं टिपून घेतलं.

त्यानंतर पाणी कधी त्या खुणेला आलं नाही. बांध आहे, वरच्या अंगाला धरणं झाली. मी हे सगळं थोतांड समजतो, सुरुवातीलाच सांगितलं. मुलं शहरात असतात, पावसाळ्यात या म्हणून पत्रं पाठवतात, बायको माझ्यावर चिडून एकटी जाऊन येते. मी जात नाही. भादव्यात मी ओटा सारवून घेतो, तांब्या भरून कोपऱ्यात ठेवतो आणि घरी असतो.